खेळाचा धंदा आणि खेळणारा कामगार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेळात राजकारण आणू नये, असे वाक्य आपल्याकडे वरचेवर ऐकू येते. हे वाक्य उच्चारणारी मंडळी बहुधा खेळांच्या नियामक मंडळांवर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेली असतात, हा योगायोग नव्हे. दुसऱ्या बाजूला, पुरोगामी चळवळीतही खेळाविषयी एक प्रकारची तुच्छता आढळते. क्रिकेटचा सामना असला की सभेला माणसे जमत नाहीत, खेळ ही जनतेला गुंगविणारी नवी अफू आहे, एवढे बोलून कार्यकर्ते हा विषय संपवितात. या दोन्ही भूमिका वरवर परस्परविरोधी दिसल्या, तरी त्यांचा परिणाम एकच होतो. खेळ हा एक उद्योग आहे, त्यात भांडवल गुंतले आहे, श्रम आहेत, मालकी आहे आणि त्या श्रमाचे मोल कोणी ठरवावे यावर गेली दीडशे वर्षे झगडा चालू आहे, ही गोष्टच नजरेआड होते. हा झगडा कामगार चळवळीच्या इतिहासाचा एक भाग आहे, आणि त्या दृष्टीने त्याचे अध्ययन होणे अगत्याचे आहे.

शनिवारची अर्धी सुटी

खेळ मानवजातीइतकेच जुने आहेत. परंतु खेळाचा धंदा मात्र कारखानदारीबरोबर जन्माला आला. तिकीट काढून खेळ पाहणारा समुदाय निर्माण होण्यासाठी दोन गोष्टी लागतात : लोकांच्या हाती थोडा मोकळा वेळ आणि खिशात थोडे पैसे. इंग्लंडमध्ये १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबविण्याचे बंधन घातले, आणि हळूहळू शनिवारची अर्धी सुटी इतर धंद्यांतही रूढ झाली. ही सुटी कोणा मालकाच्या औदार्यातून आलेली नव्हती. कामाचे तास कमी करण्याच्या दीर्घ लढ्याचे ते फळ होते. त्या अर्ध्या दिवसात लँकेशायर व मिडलंड्समधील कामगार फुटबॉल खेळू लागले आणि हजारोंच्या संख्येने पाहू लागले. १८८५ साली फुटबॉल असोसिएशनला पैसे घेऊन खेळण्यास मान्यता द्यावी लागली. १८८८ मध्ये बारा क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली. हे सर्व क्लब उत्तरेकडील व मध्य इंग्लंडमधील औद्योगिक गावांचे होते.

म्हणजे कामगाराने लढून मिळविलेला फुरसतीचा वेळ हाच या नव्या धंद्याचा कच्चा माल ठरला. मोकळ्या माळावर चालणाऱ्या खेळाभोवती भिंत उभी राहिली, भिंतीला दार आले आणि दारावर तिकीट आले. त्या भिंतीच्या आत जो खेळत होता तोही बहुतेक वेळा कामगाराच्याच घरातला होता. पैसे घेऊन खेळण्याला विरोध करणारे जे सद्गृहस्थ होते, त्यांच्या हौशी खेळाच्या तत्त्वज्ञानाचा अर्थ येथे ध्यानात येतो. ज्याच्या घरी जमीनजुमल्याचे उत्पन्न आहे, त्याला मोबदल्यावाचून खेळणे परवडते. ज्याचा शनिवारचा रोज बुडतो, त्याच्या दृष्टीने हौशीपणाचा आग्रह म्हणजे मैदानाबाहेर काढण्याचीच युक्ती होती.

पाच खेळाडू राखून ठेवण्याचा करार

या धंद्याचे मालकी-स्वरूप सर्वांत उघडपणे अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये पाहावयास मिळते. १८६९ साली सिनसिनाटीचा 'रेड स्टॉकिंग्ज' हा उघडपणे पगारी असा पहिला संघ मैदानात उतरला. १८७१ मध्ये जी संघटना निघाली तिच्या नावात 'व्यावसायिक बेसबॉल खेळाडूंची राष्ट्रीय संघटना' असे शब्द होते. पाच वर्षांनी, १८७६ मध्ये, तिची जागा 'नॅशनल लीग'ने घेतली, आणि तिच्या पूर्ण नावात 'खेळाडूं'ऐवजी 'क्लबांची' हा शब्द आला. एका शब्दाच्या या बदलात सारा इतिहास सामावला आहे. खेळाडूंची संघटना जाऊन तेथे मालकांची संघटना आली.

या मालकांपुढे लवकरच एक अडचण उभी राहिली. चांगल्या खेळाडूसाठी क्लब एकमेकांवर चढाओढ करीत आणि पगार वाढत. मुक्त स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्या या मंडळींना मजुरांच्या बाजारातील मुक्त स्पर्धा मात्र सोसेना. १८७९ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी आपसात गुप्त करार केला : प्रत्येक क्लबाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत आणि इतर क्लबांनी त्यांना हात लावू नये. पाहता पाहता पाचांची संख्या वाढत गेली आणि सारा संघच या 'राखीव कलमा'खाली आला. कराराची मुदत संपली तरी खेळाडू सुटत नसे. क्लब त्याला विकू शके, दुसऱ्या गावी धाडू शके, घरी बसवू शके. त्याला मात्र आपला मालक निवडता येत नसे.

याविरुद्ध पहिला संघटित आवाज उठविला तो जॉन माँटगोमेरी वॉर्ड याने. न्यूयॉर्क जायंट्सचा हा खेळाडू खेळता खेळता कायद्याचा पदवीधर झाला होता. १८८५ मध्ये त्याच्या पुढाकाराने खेळाडूंची 'ब्रदरहूड' स्थापन झाली, आणि १८८७ मध्ये बेसबॉलपटू ही जंगम मालमत्ता आहे काय, असा प्रश्न त्याने एका लेखाच्या शीर्षकातूनच विचारला. मालकांनी पगारांवर वर्गवारीनुसार मर्यादा घातली, तेव्हा १८९० मध्ये खेळाडूंनी आपली स्वतंत्र 'प्लेअर्स लीग' काढली. बहुतेक नामांकित खेळाडू तिकडे गेले आणि प्रेक्षकही मोठ्या संख्येने तिकडे वळले. तरीही ही लीग एका हंगामातच संपली. तिला भांडवल पुरविणाऱ्या मंडळींना तोटा दिसू लागला, आणि त्यांनी खेळाडूंना बाजूला ठेवून जुन्या मालकांशी परस्पर तडजोडी केल्या. सहकाराचा प्रयोग उसन्या भांडवलावर उभा केला की ऐन वेळी भांडवल आपल्या जातभाईंकडे परतते, हा धडा आपल्याकडील सहकारी चळवळीलाही अपरिचित नाही.

त्यानंतर न्यायसंस्थेनेही मालकांचीच पाठराखण केली. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती होम्स यांच्या निकालपत्राद्वारे एकमताने असे ठरविले की, बेसबॉलचे सामने हा आंतरराज्यीय व्यापार नव्हे. म्हणून मक्तेदारीविरोधी कायदे त्याला लागू होत नाहीत. संघ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आगगाडीने हिंडत होते, मालक दाराशी पैसे मोजत होते, तरीही कायद्याच्या दृष्टीने तो व्यापार नव्हता. खेळात राजकारण आणू नये या वाक्याचा हा कायदेशीर अवतार म्हणता येईल. खेळ पवित्र ठरला की त्याच्या मालकाला हिशेब विचारता येत नाही.

कायद्यात कोठेही लिहिलेला नसताना मालकांच्या मूक संमतीने पाळलेला आणखी एक निर्बंध होता तो वर्णाचा. कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रमुख लीगमध्ये प्रवेश नव्हता. त्यांनी आपल्या स्वतंत्र लीगा काढल्या आणि चालविल्या. १९४७ च्या १५ एप्रिल रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सच्या वतीने उतरला तेव्हा ती भिंत फुटली. पण राखीव कलमाची भिंत तशीच उभी होती, आणि ती फोडण्यासाठी ज्याने आपली कारकीर्द पणाला लावली तोही एक कृष्णवर्णीय खेळाडूच होता.

कर्ट फ्लड आणि मार्व्हिन मिलर

सेंट लुइस कार्डिनल्सच्या कर्ट फ्लड याला १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये कळले की, त्याची फिलाडेल्फियाच्या क्लबाशी अदलाबदल झाली आहे. बारा वर्षे ज्या गावात तो खेळला, ते गाव सोडण्याविषयी त्याला कोणी विचारले नव्हते. त्याने जाण्यास नकार दिला आणि बेसबॉलच्या आयुक्तांना पत्र लिहून आपला मालक निवडण्याचा हक्क मागितला. तो नाकारला गेल्यावर त्याने न्यायालयात धाव घेतली. त्याचा वार्षिक पगार ९० हजार डॉलर होता. एवढा पगार घेणारा मनुष्य गुलामगिरीची भाषा कशी करतो, असे त्याला विचारण्यात आले. तेव्हा पगार मोठा असल्याने गुलामगिरी संपत नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. खटल्याच्या सुनावणीला निवृत्त जॅकी रॉबिन्सन साक्ष देण्यास आला; त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात फिरकला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. त्याची कारकीर्द तोवर संपलीच होती.

एकट्या वीराला जे साधले नाही ते संघटनेला साधले. १९६६ मध्ये बेसबॉलपटूंच्या संघटनेने मार्व्हिन मिलर यांची नेमणूक केली. मिलर हे पोलाद कामगारांच्या युनियनमध्ये काम केलेले अर्थतज्ज्ञ होते. त्या वेळी किमान वार्षिक वेतन ६ हजार डॉलर होते, आणि वीस वर्षांत ते केवळ हजार डॉलरने वाढले होते. खेळाडूंना युनियन हा शब्दच नकोसा वाटे. आपण कामगार नव्हे, भाग्यवान आहोत, अशी त्यांची समजूत मालकांनी करून दिली होती. मिलर यांनी संघासंघांत जाऊन खेळाडूंशी बैठका केल्या, निवृत्तिवेतनाचा साधा प्रश्न हाती घेतला, आणि १९६८ मध्ये व्यावसायिक खेळांच्या क्षेत्रातील पहिला सामुदायिक करार घडवून आणला. किमान वेतन १० हजार डॉलर झाले. पुढे तक्रारींचा निवाडा त्रयस्थ लवादाकडे देण्याचे कलम त्यांनी करारात घालून घेतले. १९७२ मध्ये खेळाडूंनी सर्वत्र मिळून पहिला संप केला. अखेर १९७५ च्या २३ डिसेंबरला लवाद पीटर साइट्स यांनी अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली या दोघांच्या प्रकरणी निर्णय दिला की, राखीव कलमाची मुदत एक वर्षाची आहे. त्यानंतर खेळाडू मोकळा होतो. ९६ वर्षांची वेठ एका कलमाच्या अर्थनिर्णयाने संपली. ते कलम लवादापुढे नेण्याची शक्ती युनियनने मिळविली होती, म्हणूनच हे घडू शकले.

या कथेत कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे तिच्यातील क्रम. फ्लडचे धैर्य निष्फळ ठरले असे म्हणता येत नाही, कारण त्याने प्रश्न देशापुढे आणला. परंतु धैर्याचे रूपांतर हक्कात करण्यासाठी बैठका, वर्गणी, करारमसुदे आणि संप यांचे नीरस काम कोणीतरी नऊ वर्षे करावे लागले.

चार पौंडांची मर्यादा

इंग्लंडमध्ये हेच नाटक वेगळ्या वेशात घडले. तेथे १९०१ पासून फुटबॉलपटूच्या पगाराला आठवड्याला चार पौंडांची कमाल मर्यादा होती. देशात किमान वेतनासाठी कामगार झगडत असताना या एका धंद्यात कमाल वेतनाचा नियम होता, ही विसंगती उद्बोधक आहे. याच्या जोडीला 'राखून ठेवा आणि बदली करा' ही पद्धत होती. कराराची मुदत संपल्यावर क्लबाने खेळाडूला पगार दिला नाही तरी त्याची नोंदणी तो आपल्याकडे ठेवू शकत असे. १९०७ मध्ये मँचेस्टरला बिली मेरेडिथ आदी खेळाडूंनी युनियन स्थापन केली. दोन वर्षांनी तिने कामगार संघटनांच्या महासंघाशी नाते जोडण्याचे ठरविताच फुटबॉल असोसिएशनने युनियन सोडण्याचा हुकूम काढला. मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंनी तो धुडकावला, आणि स्वतःला 'बहिष्कृतांचा संघ' म्हणवून घेत सराव चालू ठेवला. शेवटी युनियनला मान्यता मिळाली. पण व्यापक कामगार चळवळीशी नाते तोडण्याची किंमत देऊन. त्या तुटलेल्या नात्याची भरपाई होण्यास पुढे अर्धशतक लागले.

१९६१ च्या जानेवारीत जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली खेळाडूंनी संपाची तयारी केली, तेव्हा वीस पौंडांवर येऊन थांबलेली ही मर्यादा रद्द झाली. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टहॅम याच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी 'राखून ठेवा' पद्धत ही व्यवसायस्वातंत्र्यावरील अवाजवी बंधन असल्याचे ठरविले. त्या खटल्यामागे युनियन उभी होती. आणि १९९५ च्या १५ डिसेंबरला बेल्जियमच्या झाँ-मार्क बोस्मान या फारसा नामवंत नसलेल्या खेळाडूच्या दाव्यात युरोपीय न्यायालयाने ठरविले की, करार संपलेल्या खेळाडूसाठी बदलीचे शुल्क मागता येणार नाही.

पॅकर : मुक्तिदाता की नवा मालक?

क्रिकेटमध्ये मात्र इतिहासाने एक चमत्कारिक वळण घेतले. येथे खेळाडूंच्या बाजूने उभा राहिला तो एक धनाढ्य दूरचित्रवाणी-मालक. ऑस्ट्रेलियातील केरी पॅकर यांना आपल्या वाहिनीसाठी सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क हवे होते. त्यांनी मोठी रक्कम देऊ केली असताही क्रिकेट मंडळाने त्यांना नकार दिला. तेव्हा १९७७ मध्ये त्यांनी जगातील आघाडीच्या खेळाडूंना करारबद्ध करून स्वतंत्र मालिका उभारली. प्रेक्षागारे भरवून मंडळांची तिजोरी भरणाऱ्या या खेळाडूंना तोवर मिळणारे मानधन तुटपुंजे होते, म्हणूनच ते इतक्या सहजपणे गेले. मंडळांनी बंदीचा इशारा दिला; त्याविरुद्ध टोनी ग्रेग, जॉन स्नो व माइक प्रॉक्टर लंडनच्या उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायमूर्ती स्लेड यांनी त्याच वर्षी ही बंदी बेकायदा ठरविली.

इथवर कथा मुक्तीची वाटते. पण १९७९ मध्ये मंडळ आणि पॅकर यांचा समझोता झाला, तेव्हा पॅकर यांना प्रक्षेपणाचे हक्क मिळाले, मंडळाला पैसा मिळाला, आणि त्या वाटाघाटींच्या मेजावर खेळाडूंना खुर्ची नव्हती. दिव्याखालच्या रात्रीच्या सामन्यांचे, रंगीत कपड्यांचे आणि जाहिरातींच्या तालावर चालणाऱ्या क्रिकेटचे युग सुरू झाले. दोन भांडवलदारांच्या भांडणात कामगाराचा पगार वाढू शकतो, त्याची सत्ता वाढत नाही, हे त्यातून दिसून आले. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी हे ओळखून १९९५ मध्ये आपली संघटना उभी केली. २०१७ मध्ये मंडळाने महसुलातील वाटा बंद करण्याचा घाट घातला, तेव्हा संघटनेने करार न करता सुमारे पाच आठवडे झुंज दिली. आघाडीच्या खेळाडूंना वेगळी मोठी रक्कम देऊ केली गेली असतानाही ते देशांतर्गत स्पर्धांतील सामान्य खेळाडूंच्या बाजूने राहिले. महसुलातील वाटा टिकला, आणि स्त्री-खेळाडूंचा प्रथमच त्यात समावेश झाला.

आपल्या मातीतील हिशेब

आता दृष्टी आपल्या देशाकडे वळवू या. भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील थोर गोलंदाज पाळवणकर बाळू हे पुण्यात मैदानाची निगा राखण्याच्या आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याच्या चाकरीवर होते. चर्मकार समाजातील या खेळाडूने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते पुढे १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. श्रम एकाचा आणि मान दुसऱ्याचा, ही रीत येथे भांडवलाच्याही आधी जातीने बसवून ठेवली होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. वर्गणी काढून गेलेला तो मल्ल परत आल्यावर पोलीस खात्यातील नोकरीवर जगला. हौशी खेळाचे तत्त्वज्ञान गरिबाच्या पोराकडून किती किंमत वसूल करते, हे गोळेश्वरच्या या उदाहरणावरून समजावे.

मुंबईत पुष्कळ काळ खेळाडूच्या पोटाचा प्रश्न रेल्वे, बँका, गिरण्या आणि मोठ्या कंपन्या यांच्या नोकरीने सोडविला. टाइम्स शील्डच्या सामन्यांत कचेऱ्यांचे संघ उतरत, आणि गिरणगावातील कबड्डीपटूला त्याच्या चढाईच्या जोरावर कायमची नोकरी मिळे. ही व्यवस्था आदर्श होती असे नव्हे. परंतु खेळ संपल्यावर त्या खेळाडूला भविष्यनिर्वाह निधी असे आणि घर चालत असे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ढासळल्या, कायम नोकरभरती आटली, आणि तो आधारही गेला.

१९८३ मध्ये भारताने विश्वचषक जिंकला तेव्हा खेळाडूंना बक्षीस देण्यापुरताही पैसा क्रिकेट मंडळाजवळ नव्हता. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. अवघ्या पाव शतकात हे मंडळ जगातील सर्वांत धनाढ्य क्रिकेट मंडळ झाले. हा पैसा आला कोठून? तो दूरचित्रवाणीच्या लहरींतून आला, आणि त्या लहरी कोणाच्या, हा प्रश्न १९९५ च्या ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात स्पष्ट म्हटले गेले की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन लोकहितासाठी स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेने करावयास हवे. सरकारी मक्तेदारी संपविणारा निकाल म्हणून बाजाराने त्याचे स्वागत केले. मालमत्ता जनतेची आहे, हा त्याचा दुसरा अर्धा भाग सोयीस्करपणे विसरला गेला.

२००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली. त्या वर्षीच्या २० फेब्रुवारीला मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला, आणि लिलाव हा शब्द माणसांसंबंधी वापरताना कोणाची जीभ अडखळली नाही. वॉर्डने १८८७ साली विचारलेला प्रश्न मुंबईच्या त्या दिवाणखान्यात कोणी विचारला नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क ४८ हजार ३९० कोटी रुपयांना विकले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ९ हजार ६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करण्यास १२० कोटींची कमाल मर्यादा होती. दहा संघांचे मिळून १२०० कोटी. सामन्यागणिक दिले जाणारे मानधन वेगळे धरले, तरी केवळ प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी तुलना करता ही रक्कम साधारण एक-अष्टमांश भरते. प्रायोजक आणि तिकिटे यांचे उत्पन्न आणखी निराळे. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये सामुदायिक करारानुसार खेळाडूंना महसुलाचा जवळजवळ निम्मा वाटा मिळतो. हा फरक खेळाडूंच्या गुणवत्तेचा नाही. तो युनियनचा आहे. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये भारतात क्रिकेटपटूंची जी संघटना निघाली ती निवृत्तांसाठी आहे. खेळत असलेल्या खेळाडूच्या वतीने करार करणारे कोणी नाही.

कोट्यधीशांची कणव कशासाठी?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. शेतमजुराला किमान वेतन मिळत नसताना लक्षाधीश खेळाडूंच्या वाट्याची चिंता समाजवाद्यांनी का वाहावी? त्याचे उत्तर असे की, लिलावात नाव पुकारले जाणारे मूठभर असतात. त्यांच्यामागे लहान गावांतील हजारो मुले शिक्षण सोडून याच आशेवर मैदानात घाम गाळीत असतात. त्यांतील बहुतेकांना काही मिळत नाही. दुखापत झाली की विमा नाही, वय उलटले की नोकरी नाही. अमेरिकेतही प्रमुख लीगच्या खेळाडूंनी दुय्यम लीगमधल्या, अत्यल्प वेतनावर राबणाऱ्या मुलांना आपल्या युनियनमध्ये घेण्यास २०२२ साल उजाडावे लागले. वरच्या थरातील संघटना खालच्या थरापर्यंत पोहोचते की नाही, हीच तिची कसोटी होय.

दुसरे असे की, खेळाचा उद्योग खेळाडूंपाशी संपत नाही. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई खेळांसाठी जी क्रीडागारे आणि पूल उभे राहिले, ते बांधणाऱ्या मजुरांची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे होती. त्यातून जमादार रोज एक रुपया कापून घेत. लोकशाही हक्क संघटनेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले, आणि न्यायमूर्ती भगवती यांच्या खंडपीठाने ऐतिहासिक निवाडा दिला : किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करवून घेणे ही वेठबिगारीच होय, आणि ती संविधानाच्या २३ व्या कलमाचा भंग करते. आज देशातील कोणत्याही असंघटित मजुराच्या बाजूने वापरता येणारे हे हत्यार खेळाच्या मांडवाखालून आले आहे, याचे स्मरण ठेवावे.

आणि तिसरे, मैदानाला लागणारी साधनसंपत्ती सर्वांची असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागत होते, आणि त्याच वेळी मुंबई, पुणे व नागपूर येथे सामन्यांसाठी खेळपट्ट्यांवर पाणी शिंपडले जाणार होते. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. तेरा सामने गेले म्हणून दुष्काळ हटणार नव्हता, असा युक्तिवाद तेव्हा झाला, आणि पाण्याच्या मापाने तो खोटाही नव्हता. परंतु तहानलेल्या मराठवाड्यापुढे पहिला हक्क कोणाचा, हा प्रश्न पाण्याच्या मापाचा नव्हता. तो प्रश्न न्यायालयापुढे नेण्याचे काम एका नागरी संघटनेने केले. राजकीय पक्षांतील पुष्कळांचे पुढारी त्या वेळी क्रिकेट संघटनांच्या खुर्च्यांवर बसलेले होते.

करण्यासारखे काय?

खेळ ही अफू आहे असे म्हणून पाठ फिरविणाऱ्यांनी एवढे पाहावे की, आपला कामगार, आपला विद्यार्थी, आपला शेतकरी त्या मैदानावर आधीपासूनच हजर आहे. चळवळच तेवढी गैरहजर आहे. तिने तेथे जाऊन करण्यासारखी कामे साधी आहेत. तालुक्याच्या गावी मुलांना फुकट खेळता येईल असे सार्वजनिक मैदान शिल्लक आहे की ते बिल्डरच्या घशात गेले, याची चौकशी करावी. शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा भरली आहे काय, हे विचारावे. क्रीडा संघटनांचे हिशेब मागावेत. जिल्हा पातळीवरील खेळाडूंना विमा मिळावा, मैदानावर राबणारे माळी, सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार यांना किमान वेतन मिळावे, यासाठी त्यांना संघटित करावे. मार्व्हिन मिलर यांनी निवृत्तिवेतनासारख्या रुक्ष प्रश्नापासूनच प्रारंभ केला होता.

शनिवारची ती अर्धी सुटी कामगारांनी लढून मिळविली होती. त्या सुटीत फुललेला खेळ त्यांच्या हातून निसटला तो त्यांनी त्याच्या मालकीचा प्रश्न विचारणे सोडले म्हणून. ज्या ज्या देशात खेळाडूंनी तो पुन्हा विचारला, तेथे मालकांना उत्तर द्यावे लागले. हिंदुस्थानात तो अजून नीट विचारला गेलेला नाही. तो विचारण्याचे काम दुसऱ्या कोणावर सोपविण्याजोगे नाही.